तंबाखू गल्लीतले प्रार्थनामंदिर

बुडापेस्टच्या पेस्ट भागात दोहान्य नावाची गल्ली आहे. हंगेरियन भाषेत दोहान्य म्हणजे तंबाखू. ट्रॅममधून उतरून गल्लीच्या तोंडाशी आलो आणि मी सौभाग्यवतींना म्हटले, "अगं, इथे मशीद कुठून आली?" पिवळ्या-तांबड्या विटांचे पट्टे, दोन उंच मनोरे आणि वर कांद्यासारखे घुमट! "मशीद नव्हे, ज्यूंचे सिनेगॉग," ती हसून म्हणाली. तसा मी अगदीच चुकलो नव्हतो. आपल्या कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना गावकरी शनवार तेली म्हणत, तेही आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत आले आहेत.

दाराशी पुरुषांना डोक्यावर ठेवायला टोपी देतात. ती सावरीत आत गेलो, तर आणखी एक नवल! आतून सगळा थाट चर्चचा. सुमारे तीन हजार माणसे बसतील एवढी जागा आणि चक्क ऑर्गन! शब्बाथला यहुद्याने वाद्य वाजवायचे नाही, म्हणून वादक ख्रिस्ती ठेवीत. कर्मठ ज्यूंना हे मुळीच रुचले नाही. पण १८५९ साली हे मंदिर उघडले, तेव्हा पेस्टच्या सुखवस्तू ज्यूंना जगाला हेच सांगायचे होते, की आम्ही तुमच्यातलेच आहो. धर्म मोशेचा, बाकी आम्ही हंगेरियन. १८६७ च्या कायद्याने त्यांना समान हक्कही मिळाले.

आणि याच मंदिराला लागून असलेल्या घरात २ मे १८६० रोजी थिओडोर हर्झल जन्मला. ते घर आता नाही. त्या जागी ज्यूंचे संग्रहालय आहे. अठराव्या वर्षी हर्झल कुटुंबाबरोबर व्हिएन्नाला गेला, वकिली शिकला, नाटके लिहिली, पत्रकार झाला. दिसायला-बोलायला पुरता युरोपियन! पण पॅरिसला बातमीदार असताना त्याने ५ जानेवारी १८९५ रोजी कॅप्टन ड्रायफसची पदचिन्हे भर चौकात ओरबाडलेली पाहिली. बाहेर जमाव समस्त ज्यूंच्या नावाने ओरडत होता. घरी व्हिएन्नातही ज्यूद्वेषावर मते मागणारा लुएगर निवडून येत होता. आपण कितीही त्यांच्यातले झालो तरी ते आपल्याला आपले म्हणणार नाहीत, हे हर्झलला उमगले. १८९६ मध्ये त्याने ज्यूंच्या स्वतंत्र राज्याचे पुस्तक काढले. त्या भूमीत अरब पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते, हा प्रश्न मात्र त्या पुस्तकाला फारसा पडला नाही. त्याचे भोग अजून सरलेले नाहीत.

पहिली परिषद म्युनिकला भरायची होती. तिथल्या ज्यूंनीच मोडता घातला, म्हणून ती ऑगस्ट १८९७ मध्ये बाझेलला भरली. मुंबईच्या बेने इस्रायलांनाही बोलावणे होते. देव नेईल तेव्हा जाऊ, म्हणून ते गेले नाहीत. १८९७ सालच्या पेस्टच्या ज्यूंनाही हे खूळच वाटले. घरदार, दुकान, पेढी, भाषा सगळे इथले. वाळवंटात कशाला जायचे? त्यांना हसावे असे मला वाटत नाही. त्यांच्या जागी आपणही हेच म्हटले असते.

मग १९२० साली विद्यापीठात ज्यूंची संख्या मर्यादित करणारा कायदा आला, १९३८ पासून आणखी कायदे आले, आणि १९४४ च्या मे ते जुलै या आठ आठवड्यांत हंगेरीतून सव्वाचार लाखांवर ज्यू आगगाड्यांत कोंबून नेले, बहुतेक सारे आउश्विट्झला. राजधानीतल्यांना याच मोहल्ल्यात कोंडले.

मंदिराच्या अंगणात कबरी आहेत. ज्यू प्रार्थनामंदिराच्या आवारात प्रेते पुरीत नाहीत. पण १९४४-४५ च्या त्या हिवाळ्यात उपासमारीने आणि थंडीने मेलेल्या दोन हजारांहून अधिक लोकांना न्यायला दुसरी जागाच उरली नव्हती. मागच्या आवारात धातूचे एक झाड आहे, फांद्या खाली झुकलेल्या. पानापानावर एकेका मृताचे नाव. वारा आला की पाने किणकिणतात.

फुले वाहण्याची इथे रीत नाही, लोक खडा ठेवतात. सौ. वाकून वाटेवर खडा शोधू लागली. वाट स्वच्छ झाडलेली; पुष्कळ वेळ एकही सापडेना.