जपमाळांच्या गांवचा पाइप

व्यसनाची स्तुति करूं नये असें शहाणे लोक म्हणतात, व तें आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या वस्तूनें एका घरच्या दिवेलागणीला पंचवीस वर्षें शोभा आणिली आणि शेवटीं त्याच घरांतील कर्ता पुरुष ओढून नेला, तिच्याविषयीं नुसती निंदा करूनहि भागत नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत फ्रान्सच्या पूर्व सीमेकडील जुरा पर्वतांत सँ-क्लोद नांवाचें एक लहानसें गांव पाहण्याचा योग आला. लांकडी पाइपांचें हें माहेर. त्या गांवाची हकीकत सांगावयाची तर आमच्या घरची थोडी हकीकत आधीं सांगणें प्राप्त आहे. वाचकांनीं ती गोड मानून घ्यावी.

आमचे थोरले काका रेल्वेंत इंजिनियर होते. १९५४ सालीं शिक्षणासाठीं ते इंग्लंडला गेले आणि परत येतांना लंडनचा शिक्का असलेला एक काळसर पाइप घेऊन आले. सदाशिव पेठेंतल्या आमच्या वाड्याला तंबाखू कांहीं नवी नव्हती. आजोबांच्या कनवटीला तपकिरीची डबी असे, व आजीच्या मशेरीविषयीं कोणी बोलत नसे. धुराला मात्र माजघरापर्यंत येण्याची सक्त मनाई होती. अखेर तह झाला: काकांनीं पश्चिमेच्या सज्जांत, दिवेलागणीनंतर, दिवसांतून एकदांच पाइप ओढावा.

काकांनीं या तहाचा सोहळा केला. डब्यांतली तंबाखू चिमटीनें मोकळी करून ते ती पाइपच्या वाटींत अलगद भरीत. तळाशीं सैल, वर किंचित् घट्ट. पहिल्या काडीनें वरचा थर नुसता फुलून येई. तो दाबून दुसरी काडी लावावयाची, आणि मग सावकाश झुरके घ्यावयाचे. घाईनें ओढणाऱ्याची जीभ पोळते. वाटी फार तापली कीं थांबावें, विझली तर पुन्हा पेटवावी. यांत अर्धा-पाऊण तास सहज जाई. तेवढ्या वेळांत काका कोणावर रागावत नाहींत, हें आम्हां मुलांस लवकरच उमगलें. अडलेलीं गणितें, प्रगतिपुस्तकांवरच्या सह्या, चुलत भावंडांचे तंटे, इतकेंच काय, आत्याच्या लग्नाच्या वाटाघाटीहि सज्जांतच निकालांत निघाल्या. पाइप विझला कीं कचेरी बंद!

तंबाखूच्या मिश्रणांत केवढे प्रकार असतात, तेंहि आम्ही तेथेंच शिकलों. व्हर्जिनियाचें पान बंद कोठडींत नळ्यांतून खेळविलेल्या उष्णतेनें वाळवितात. त्यांतील साखर शाबूत राहते आणि पान सोन्यासारखें पिवळें होतें. बर्लीचें पान हवेवर वाळवितात. त्याला स्वतःचा गोडवा फारसा नसतो, परंतु दुसऱ्याचा वास तें चटकन् उचलतें. लताकियाचें नांव सीरियांतील बंदरावरून पडलें. हें पान लांकडांच्या धुरावर टांगून काळें करितात, आणि त्याला होमाच्या धुरासारखा वास येतो. अलीकडे तें मुख्यतः सायप्रस बेटांतून येतें. चौथी जात पेरीक. अमेरिकेंत लुइझियाना संस्थानांतील सेंट जेम्स परगण्यांत हें पान पिंपांत दाबून स्वतःच्याच रसांत महिनोन् महिने मुरवितात; थेट आपल्या लोणच्याची कृति! काका या साऱ्यांचें प्रमाण स्वतः जमवीत. रोजचें मिश्रण साधें. रविवारीं मात्र लताकियाची चिमूट पडे. "यांचा हा गोडा मसाला!" असें काकू हंसून म्हणत.

निवृत्तीनंतर तह सैल झाला. सकाळीं एक, दुपारीं एक असे पाइप वाढले. १९८० सालीं काकांच्या घशांत गांठ निघाली आणि पुढच्या वर्षीं काका गेले. पाइपचा धूर छातींत घेत नाहींत, म्हणून तो निरुपद्रवी, अशी तेव्हां पुष्कळांची समजूत होती. वास्तविक पाइप ओढणाऱ्यांच्या ओठांस होणाऱ्या कर्करोगाची नोंद सोमरिंग या जर्मन वैद्यानें १७९५ सालींच करून ठेविली होती. धूर छातींत उतरला नाहीं, तरी ओठ, जीभ व घसा यांची वाट त्याला चुकत नाहीं. वर्षश्राद्ध झाल्यावर काकूंनीं तो पाइप आमच्या हातीं दिला. त्यांनीं तो आठवण म्हणून दिला. आम्हीं तो पेटविला. सारें ठाऊक असून पेटविला व चाळीस वर्षें पेटवीत राहिलों, हें येथें कबूल केलें पाहिजे.

गेल्या वर्षीं चिरंजिवांकडे जिनीव्हास मुक्काम होता. पहिल्याच संध्याकाळीं सूनबाईंनीं हळूच विचारलें, "बाबा, बाळ आत्तांच झोंपलंय. तुम्ही खालीं बागेंत जाऊन ओढाल का?" आजीचा तो जुना तह असा तिसऱ्या पिढीनें पुन्हा आमच्यापुढें ठेविला. आम्ही खालीं गेलों. बाग सुंदर होती. परंतु गणित घेऊन कोणी आलें नाहीं, तंटा घेऊन कोणी आलें नाहीं. एका बांकावर एक म्हातारा धूर काढीत बसला आहे, एवढेंच तें दृश्य होतें. आमचा हिरमुसला चेहरा पाहून चिरंजिवांनीं पाइपांचें गांव दाखविण्याचा बेत केला.

जिनीव्हाहून मोटारीचा रस्ता जुराच्या अंगावर वळणें घेत फोसीय घाटांत, सुमारें १,३२० मीटर उंचीवर, चढतो. मागें वळून पाहिलें तर खालीं जिनीव्हाचें सरोवर आणि त्यापलीकडे माँ ब्लाँचें पांढरें शिखर. घाटापलीकडे देवदारांचीं रानें व कुरणें लागतात, आणि शेवटीं रस्ता नागमोडी वळणांनीं एका खोल दरींत उतरतो. तेथें बिएन व ताकों या दोन नद्यांच्या संगमाशीं सँ-क्लोद वसलें आहे. घरें एकमेकांच्या खांद्यावर उभीं राहावीं तशीं उतरणीवर रचलेलीं. सपाट जागा म्हणून विरळा.

गांव पांचव्या शतकांतील एका मठाभोंवतीं वाढलें. सातव्या शतकांतील क्लोद या साधूच्या देहाचें दर्शन घेण्यास दूरदूरचे यात्रेकरू येत. १४८२ सालीं अकरावा लुई राजा स्वतः आला होता. आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर तुळशीच्या माळांचीं दुकानें लागतात, तसेंच येथेंहि झालें. डोंगरांतला हिंवाळा लांब. शेतकरी त्या महिन्यांत घरीं बसून लांकूड कातीत आणि जपमाळा व मूर्ति यात्रेकरूंना विकीत. पुढें १७९४ सालीं, राज्यक्रांतीच्या धामधुमींत, तो देह जाळण्यांत आला. यात्रेचा मोठा ओघ संपला, परंतु कातारी मात्र उरले. त्यांच्या हातून तपकिरीच्या डब्या निघत होत्याच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रुयेरचें लांकूड हातीं आलें आणि गांव पाइपांचें झालें. ज्या चाकावर जपमाळेचे मणी फिरले, त्याच चाकावर धुराच्या वाट्या फिरूं लागल्या!

ब्रुयेर हें भूमध्य समुद्राच्या कांठीं, कॉर्सिका, इटली, उत्तर आफ्रिका येथें वाढणारें झुडूप. त्याच्या खोडाच्या व मुळांच्या सांध्यावर मोठी गांठ येते; ती उपयोगी होण्यास कित्येक दशकें लागतात. गांठ कापून तिचे तुकडे तासन् तास उकळतात, म्हणजे त्यांतला रस निघून जातो; मग ते महिनोन् महिने सावलींत वाळवितात. असें लांकूड विस्तवाला सहसा दाद देत नाहीं. एके काळीं हजारों माणसें या धंद्यावर जगत. आज कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. गांवांत पाइप व हिरे यांचें एक संग्रहालय आहे, कारण हिऱ्यांना पैलू पाडण्याचाहि उद्योग येथें चाले.

एका लहान कारखान्यांत पन्नाशीचे एक कारागीर काम करीत होते. चिरंजीव दुभाषे झाले. काकांचा पाइप आम्हीं पुढें केला. लंडनचा शिक्का पाहून कारागीर हंसले. पूर्वीं येथें कातलेल्या वाट्या खोक्यांनीं लंडनला जात व तेथें त्यांना शिक्का मिळे, तेव्हां हा पाइप कदाचित् याच दरींतला असेल, असें ते म्हणाले. मग त्यांनीं वाटींत बोट फिरवून आंतली काजळी पाहिली. तळाचा जुना थर फार एकसारखा होता. हा ओढणारा घाईचा माणूस नव्हे, असें त्यांनीं सांगितलें व तो हयात आहे का, असें विचारलें. आम्हीं खरें तें सांगितलें. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग पाइप पुसून परत देतांना, आपण स्वतः कधींच ओढीत नाहीं, असें सहज बोलून गेले. आम्हांस नवल वाटलें. त्यांचें म्हणणें असें कीं, आपल्याला लांकडाची गोडी आहे, धुराची नाहीं.

परतीच्या वाटेवर तेंच वाक्य मनांत घोळत राहिलें. आम्हांस तरी नक्की कशाची गोडी होती? त्या संध्याकाळीं आम्हीं पाइप पेटविला नाहीं, आणि उरलेली तंबाखू जिनीव्हासच टाकून दिली. हें शौर्य नव्हे. पुढचे कित्येक आठवडे फार जड गेले. पुण्यास आल्यावर तर दिवेलागणीची वेळ खायला उठे, म्हणून आम्ही त्या वेळीं दूरदर्शनसंचापुढें बसूं लागलों.

वाड्याच्या जागीं आतां इमारत आहे; काकूंनीं आग्रह धरल्यामुळें पश्चिमेला गॅलरी तेवढी ठेविली आहे. नव्वदी गांठलेल्या काकूंनीं एके संध्याकाळीं पाइप मागून घेतला, नाकाशीं धरला व विचारलें, "पाहिलंस का रे तें गांव?" आम्हीं सारी हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "धूर गेला तें फार चांगलं झालं. त्यांनीं सोडला असता, तर मीं नारळ फोडला असता. पण गॅलरींत बसायचं कां सोडलंस?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुन्हा तेथें बसतों. पाइप जवळच्या फळीवर रिकामा असतो. क्वचित् पावसाळी हवेंत लताकियाची आठवण येऊन जीव कासावीस होतो, हें लपवीत नाहीं. पहिले कांहीं दिवस कोणी फिरकलें नाहीं. परवां मात्र धाकट्या भावाचा नातू अपूर्णांकांची वही घेऊन आला आणि पायाशीं बसला.