धाराशिव ते जेद्दा : किती तास?

उमराहची तयारी करणाऱ्या घरांतून आम्हाला पहिला प्रश्न हाच येतो : विमानाला किती तास लागतात? मुंबई ते जेद्दा हवाई अंतर साधारण ३,५०० किलोमीटर. थेट विमान जाताना पाच-साडेपाच तासांत पोहोचते. परतताना वारा पाठीशी असतो, म्हणून वेळ थोडा कमी लागतो.

पण धाराशिवकरांची सफर विमानतळावर थोडीच सुरू होते? मुंबई चारशे किलोमीटरच्या आसपास, आणि त्यासाठी अख्खी रात्र रेल्वेत किंवा गाडीत जाते. म्हणजे नऊपट लांबचे जेद्दा पाच तासांवर आणि मुंबई आठ-नऊ तासांवर! अम्मी-अब्बांचे गुडघे विमानात नाही, इथे आखडतात. मग विमानतळावर तीन तास आधी हजेरी, उतरल्यावर पासपोर्टची रांग, आणि तिथून मक्का आणखी सुमारे ऐंशी किलोमीटर. घराच्या उंबऱ्यापासून हरमपर्यंत पूर्ण दिवस-रात्र धरा. वयस्कर माणूस सोबत असेल तर एक दिवस आधी मुंबई गाठून मुक्काम करावा, असे आमचे मत. उमरगा-नळदुर्गकडच्यांनी हैदराबादचाही विचार करावा, महामार्ग दारातूनच जातो.

हैदराबादशी आपले नाते तसे जुनेच. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. मक्केतील निजामाच्या रुबातमध्ये जुन्या हैदराबाद राज्यातील हाजींची सोय होते, त्यात मराठवाडाही येतो.

मुंबईहून हाजींची जहाजे १९९५ पर्यंत जात होती. समुद्रात आठवडा किंवा त्याहून जास्त दिवस जात. तेवढ्या दिवसांत अनुभवी हाजी नवख्यांना अरकान समजावत, दुआ पाठ करून घेत. विमानात हे कधी शिकणार? जेवणाचा ट्रे येतो, डोळा लागतो आणि मीकात जवळ येते. आपल्याकडून जाणाऱ्यांची मीकात यलमलम, आणि विमान ती जेद्दाला उतरण्याआधीच ओलांडते. म्हणून थेट मक्केला जाणाऱ्यांनी एहराम मुंबईतच बांधून घ्यावा, नियत मीकातच्या आधी करावी. तवाफ-सईची पद्धत तर घरीच, निघण्याच्या महिनाभर आधीपासून घोटावी. आधी मदिनेला जाणाऱ्यांचा एहराम पुढे, जुलहुलैफाला.

आणखी एक. जेद्दाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. रमजानमध्ये दुपारी चारच्या सुमारास मुंबईहून उडालात, तर विमान सूर्याच्या मागे पश्चिमेला पळत राहते आणि रोजा जवळजवळ दोन तास लांबतो. इफ्तार मुंबईच्या वेळेवर करायची नसते. खिडकीतून सूर्य दिसतोय तोवर थांबायचे. शुगरच्या रुग्णांनी अशा वेळचे तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावे, आणि रमजानमध्ये शक्यतो रात्रीचेच विमान निवडावे.