दोन हंगामांमधला फ्लू

फ्लूची साथ ऐन भरात असताना तिच्याविषयी बोलावयास सारेच उत्सुक असतात. परंतु रुग्णालयांतील खाटा रिकाम्या होऊन वर्तमानपत्रांचे रकाने दुसऱ्या विषयांकडे वळल्यानंतरचे जे महिने, तेच विषाणूशास्त्राच्या अभ्यासकास मी सर्वांत मोलाचे मानतो. कारण पुढच्या साथीचे बीज त्याच अवधीत रुजत असते.

१९१८ च्या मानमोडीचे, म्हणजे फ्लूच्या महासाथीचे, दफ्तर चाळले, म्हणजे याची प्रचीती येते. जून महिन्यात मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले पोलीस शिपाई तापाने फणफणले, रोग शहरात पसरला आणि थोड्याच आठवड्यांत ओसरलाही. सप्टेंबरात तोच रोग परतला तो असा की, ६ ऑक्टोबर रोजी एकट्या मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली, आणि अवर्षणाने आधीच गांजलेल्या मुंबई इलाख्यातील खेड्यांची तर त्याने दैना करून टाकली. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे दगावली.

या विषाणूचा आनुवंशिक ऐवज आरएनएच्या आठ तुकड्यांत साठविलेला असतो, आणि त्याची नक्कल करणारे विकर, मूळ दस्तऐवजाशी ताळा न पाहता नकला उतरवीत जाणाऱ्या कारकुनासारखे, चुका तशाच पुढे जाऊ देते. बहुतेक चुका विषाणूलाच घातक ठरतात. पण एखादी चूक त्याच्या पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन या प्रथिनात अशा जागी पडते की, आपल्या रक्तातील प्रतिपिंडांना ते ओळखू येईनासे होते. दुसरा मार्ग याहून दुर्मिळ आणि अधिक भयंकर आहे: दोन भिन्न वंशांचे विषाणू एकाच पेशीत शिरले, तर तुकड्यांची अदलाबदल होऊन सर्वस्वी नवा विषाणू जन्मास येतो. १९५७ साली पक्ष्यांच्या विषाणूकडून असे तीन तुकडे आले, १९६८ साली दोन. २००९ साली डुकरांत सरमिसळ झालेला एच१एन१ विषाणू जगभर पसरला, आणि त्याच वर्षी ऑगस्टात त्याने घेतलेला देशातील पहिला बळी पुण्यात नोंदला गेला.

पहिल्या प्रकारचा, संथ बदल प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहता येतो. जुन्या विषाणूविरुद्ध तयार झालेला रक्तद्रव खळग्यांच्या तबकडीत ओळीने निम्मानिम्मा विरळ करीत न्यावा, त्यात नवा विषाणू घालावा, मग टर्कीच्या किंवा गिनिपिगच्या तांबड्या पेशी सोडाव्या. प्रतिपिंडे विषाणूस ओळखत असतील, तर पेशी तळाशी बसून लहानसा लाल ठिपका दिसतो. नसतील, तर विषाणू पेशींना एकमेकींशी जखडतो आणि खळग्यात फिकट तांबूस पटल पसरते. ठिपक्यांची ओळ आखूड भरू लागली, की लशीतील वाण बदलण्याचा विचार करावा लागतो.

ही परीक्षा मात्र निर्दोष नाही. २०१३-१४ च्या हंगामात याच एच१एन१ च्या हिमॅग्लुटिनिनमध्ये १६३ व्या जागी लायसीन जाऊन ग्लुटामीन आले. प्रघाताप्रमाणे फेरेट नावाच्या प्राण्याचा रक्तद्रव वापरला असता काहीच फरक दिसेना, मध्यमवयीन माणसांपैकी कित्येकांच्या रक्तद्रवाने मात्र तो उघड केला. कारण त्या पिढीची प्रतिपिंडे, १९७७ नंतर बालपणी भेटलेल्या विषाणूंमुळे, नेमक्या त्याच जागेवर भिस्त ठेवून होती. केवळ जनावरांच्या रक्तद्रवावर विसंबून निर्णय घेऊ नये, अशा मताचा मी तेव्हापासून आहे.

थंड देशांतील हिवाळा सरला, म्हणजे विषाणू नाहीसा होतो असे नव्हे. जिकडे त्याचा हंगाम चालू असेल, तिकडे तो मुक्काम हलवितो. आपल्या देशातच श्रीनगरास तो जानेवारी ते मार्च या काळात जोर करतो, तर पुण्यामुंबईस मुख्यतः पावसाळ्यात. आणि जनुकांच्या वंशावळी जुळवून पाहता असे आढळले आहे की, एच१एन१ च्या काही शाखा बाहेरून नव्याने न येताही भारतात वर्षाहून अधिक काळ ठाण मांडून राहतात.

जागतिक आरोग्य संघटना लशीतील वाण वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, ठरविते. महाराष्ट्रातील वाचकांनी हिवाळ्याची वाट न पाहता, पाऊस लागण्यापूर्वी, वैद्यांच्या सल्ल्याने घरातील वृद्ध, गर्भवती, मधुमेही आणि दमेकरी माणसांना लस टोचवून घ्यावी, आणि गेल्या वर्षी टोचली होती म्हणून या वर्षी ती टाळू नये.