नाशिक रोडची वेळ आणि मनगटावरचे घड्याळ

नाशिक आणि नाशिक रोड यांत किती अंतर आहे, हे बाहेरच्या माणसाला गाडीतून उतरल्यावर कळते. गोदाघाट, पंचवटी, जुने नाशिक इथून आठ-दहा किलोमीटर लांब. 1860 च्या दशकात जी.आय.पी. रेल्वेची लाईन आली ती शहरापासून दूर, आणि स्टेशनाच्या आजूबाजूला जी वस्ती वाढली तिला स्टेशनाचेच नाव पडले. 1925 मध्ये इथे इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली, 1928 मध्ये करन्सी नोट प्रेस. टपालाची तिकिटे, स्टँप पेपर आणि आपल्या खिशातल्या कितीतरी नोटा याच गावात छापल्या गेल्या. जेल रोडला मध्यवर्ती कारागृह, देवळालीला तोफखाना, एकलहऱ्याला वीज केंद्र. 1975 पासून पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाऊन संध्याकाळी परतणारी माणसेही इथलीच.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. शिफ्ट, हजेरी, परेड, गाडी यांपैकी काहीही कोणासाठी थांबत नाही. गोदाकाठचे नाशिक तिथीवर चालते असे म्हणतात. नाशिक रोड मिनिटावर चालते. त्यात पाच वेळची अजान आली. म्हणून बिटको चौकापासून देवळाली गावापर्यंत फिरताना माणसांच्या मनगटांकडे पाहिले की अजूनही घड्याळे दिसतात. मोबाईल हातात असूनही दिसतात.

इथल्या जुन्या घरांत कपाटाच्या खणात एखादे एच.एम.टी. हमखास सापडते. हिंदुस्तान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला घड्याळे बनवायला सुरुवात केली. जनता, पायलट, सोना, कांचन ही नावे आपल्या वडील-चुलत्यांना पाठ होती. देवनागरी आणि उर्दू आकड्यांच्या तबकड्याही निघाल्या. नोकरी लागली की एच.एम.टी., लग्न ठरले की एच.एम.टी. पुढे 1984 मध्ये टाटा आणि तामिळनाडू सरकारच्या महामंडळाने मिळून टायटन काढली, होसूरच्या कारखान्यातून सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे आली आणि रोज सकाळी चावी द्यायची सवय हळूहळू मोडली. 2016 मध्ये केंद्र सरकारने एच.एम.टी.चा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला.

हे सगळे आठवायला कारण झाले माझ्या भाचीचे. नर्सिंगचा कोर्स पूर्ण करून ती यंदा एका दवाखान्यात रुजू झाली. ड्युटीवर मोबाईल लॉकरमध्ये. तिच्या आब्बांनी, म्हणजे माझ्या भावजींनी, पहिल्या नोकरीचे बक्षीस म्हणून चार हजार रुपये बाजूला ठेवले होते. फळांच्या हातगाडीवर चार हजार जमायला किती दिवस लागतात, ते घरच्यांनाच ठाऊक. एका रविवारी आम्ही तिघे बाजारात गेलो. भावजींची नजर काचेमागच्या सोनेरी, खडे जडवलेल्या घड्याळावर. भाची म्हणाली, "मामू, तुम्हीच सांगा आब्बांना. मला पेशंटची नाडी मोजायची आहे."

तिने एका वाक्यात घड्याळ निवडण्याचा पहिला नियम सांगितला होता: आधी काम ठरवा, मग घड्याळ पाहा. नाडी मोजायला ठसठशीत सेकंद काटा हवा. त्या खड्यांच्या घड्याळाला सेकंद काटाच नव्हता! रात्रपाळीसाठी काट्यांवर अंधारात चमकणारा लेप हवा. दवाखान्याच्या नोंदी चोवीस तासांच्या पद्धतीने होतात, म्हणून आतल्या कडेला 13 ते 24 आकडे असले तर सोय. आणि पांढऱ्या तबकडीवर काळे आकडे, की झोपेच्या डोळ्यांनाही चुकणार नाहीत.

दुसरा प्रश्न पाण्याचा. दिवसाला पाच वेळा वुजू, म्हणजे वर्षाला अठराशेहून जास्त वेळा मनगट ओले होते. नर्सचे हात तर त्याहून कितीतरी जास्त वेळा. घड्याळाच्या पाठीवर 'तीस मीटर' लिहिलेले असते, त्याचा अर्थ तीस मीटर खोल पाण्यात चालेल असा नाही. त्याचा अर्थ एवढाच की नळाचे शिंतोडे आणि पावसाची सर सोसेल. पन्नास मीटरचे घड्याळ निर्धास्त वापरता येते; पोहणाऱ्याने शंभर मीटरचे घ्यावे. पाणी अडवते ती आतली बारीक रबरी कडी. गरम पाणी आणि साबण तिला लवकर म्हातारी करतात. सेल बदलताना ती नीट बसली नाही तर पुढच्याच पावसाळ्यात काचेच्या आत वाफ धरते.

तिसरा मुद्दा पट्ट्याचा, आणि आपल्या घरांत सर्वांत जास्त चूक इथेच होते. चामड्याचा पट्टा दिसतो सुंदर, पण रोज पाच वेळा भिजला की काही महिन्यांत कुजतो, वास मारतो. रबर, नायलॉन किंवा स्टीलचा पट्टा घ्यावा. वुजूत घड्याळाखालच्या कातडीपर्यंत पाणी पोहोचायला हवे, म्हणून सहज वर सरकेल किंवा एका हाताने निघेल असा पट्टा सोयीचा. पट्ट्याची रुंदी 18, 20 किंवा 22 मिलिमीटर अशी सरळ मापाची आहे का, हे विचारून घ्यावे. तसा पट्टा कोणत्याही टपरीवर बदलून मिळतो. घड्याळाच्या अंगालाच जोडलेला विचित्र आकाराचा पट्टा तुटला की चांगले घड्याळही खणात पडते.

चौथी गोष्ट पाठीची. तबकडी सगळे पाहतात, घड्याळ उलटे करून कोणी पाहत नाही. पाठ स्टेनलेस स्टीलची असावी. मुलामा दिलेल्या हलक्या धातूवर घाम साचला की मुलामा उडतो आणि काहींच्या मनगटाला खाज सुटून चट्टे उठतात. सोनेरी घड्याळाबद्दल पुरुषांनी तर वेगळा विचार करायचाच आहे, कारण सोने वापरणे पुरुषांना मना आहे. साधे स्टील घेतले की तो प्रश्नच उरत नाही.

आता आतल्या यंत्राबद्दल. क्वार्ट्झ घड्याळात गारेच्या जातीचा एक बारीक स्फटिक असतो. सेल जोडला की तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. या आकड्याचे पंधरा वेळा निम्मे करत गेले की बरोबर एक उरतो, म्हणजे एक सेकंद. चावीच्या जुन्या घड्याळातले चक्र सेकंदाला साधारण पाच ठोके देते. ते दिवसाला काही सेकंद इकडेतिकडे होणारच. साधे क्वार्ट्झ महिन्याला साधारण पंधरा-वीस सेकंद चुकते. हजाराचे क्वार्ट्झ आणि लाखाचे चावीचे घड्याळ शेजारी ठेवले, तर वेळेच्या बाबतीत हजाराचेच जिंकते. लाख रुपयांची किंमत कारागिरीची आणि नावाची असते, मिनिटांची नसते.

दुकानदार चाचांनी आम्हांला तीन प्रकार दाखवले: सोनाटासारखे देशी बनावटीचे काट्यांचे, कॅसिओचे आकड्यांचे, आणि रोज चार्ज करायचे स्वस्त स्मार्ट घड्याळ. कॅसिओचे एफ-91डब्ल्यू हे मॉडेल 1989 पासून जवळजवळ जसेच्या तसे विकले जाते. वजन एकवीस ग्रॅम, आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे सेल सात वर्षे चालतो. विद्यार्थ्याला किंवा गॅरेजमधल्या मुलाला याहून हिशेबाचे घड्याळ मिळणे कठीण. पण त्यात काटे नाहीत, आणि भाचीला नाडी मोजताना काटा फिरताना दिसायला हवा होता.

हिशेब भावजींनीच मांडला, बोटांवर. अकराशेचे काट्यांचे घड्याळ आठ वर्षे चालले असे धरू. दर दोन वर्षांनी सेल, शंभर रुपये. मध्ये दोन पट्टे, तीनशे. एकूण अठराशेच्या आत, म्हणजे वर्षाला सव्वादोनशे. पंधराशेचे स्मार्ट घड्याळ दोन-तीन वर्षांत बॅटरीने मान टाकते, आणि तो सेल टपरीवर बदलता येत नाही. वर्षाला पाचशे ते साडेसातशे! खड्यांचे सोनेरी घड्याळ साडेतीन हजारांचे होते. भावजी क्षणभर गप्प राहिले. मग चाचांना म्हणाले, "ते पांढऱ्या तबकडीचे द्या." उरलेल्या पैशांत ड्युटीचे चांगले बूट आले. बारा तास उभे राहणाऱ्या पायांना खड्यांपेक्षा बुटांची गरज जास्त होती.

घड्याळ नेमके असले तरी ते कोणत्या गावाची वेळ सांगते, हे समजून घेण्यासारखे आहे. आपली भारतीय वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरते. नाशिक रोड त्याच्या पावणेनऊ अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटे, म्हणून इथे सूर्य माथ्यावर येतो तो बारा वाजता नव्हे, सरासरी 12 वाजून 35 मिनिटांनी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ही वेळ 12.18 च्या आसपास असते, फेब्रुवारीच्या मध्याला 12.49 च्या. जवाल आणि जोहरची वेळ वर्षभर का सरकते, ते यावरून कळेल. मुंबई आपल्या एक अंश पश्चिमेला आहे, म्हणून तिथे सूर्य साधारण चार मिनिटे उशिरा मावळतो. हिवाळ्यात हा फरक थोडा वाढतो, उन्हाळ्यात कमी होतो. मालेगावचा सूर्यास्त नाशिक रोडच्या आधी. तेव्हा रमजानमध्ये भिंतीवर मुंबईचे टाइमटेबल लावून सहरी करणाऱ्याने गाव तपासून घ्यावे. सहरीच्या अखेरीला तीन-चार मिनिटे ही थोडी गोष्ट नाही, आणि तिथे महागडे घड्याळही मदतीला येत नाही.

घड्याळ महिन्यातून एकदा लावून घ्यावे. जुन्या पिढीने आकाशवाणीच्या बातम्यांवर घड्याळे लावली. आज मोबाईलवर लावता येते. तारखेचे घड्याळ असेल तर तीस दिवसांच्या महिन्यानंतर तारीख पुढे करावीच लागते, तेव्हाच मिनिटेही पाहून घ्यावीत. मात्र रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख फिरवू नये. त्या वेळी आतली दातेरी चाके तारीख बदलण्यात गुंतलेली असतात आणि जोर केल्यास दाते तुटतात. सेल संपला की लगेच काढावा. संपलेला सेल आत राहिला तर पाझरतो आणि यंत्र खातो. सेल बदलून देणारा कारागीर काचेच्या पेटीमागे डोळ्याला भिंग लावून बसलेला असतो. त्याला रबरी कडी तपासायला सांगावे आणि दहा-वीस रुपये जास्त मागितले तर कुरकुरू नये. आठ वर्षांचा आपला सगळा हिशेब त्याच्या चिमट्यावर अवलंबून आहे.

आब्बांचे जुने एच.एम.टी. दुरुस्त करून वापरायची हौस असेल तर जरूर करावी. पण बाजारात नव्या झगमगीत रंगाच्या तबकड्यांची 'जुनी' एच.एम.टी. विकायला असतात, त्यांतली बरीच चार घड्याळांचे भाग जुळवून, तबकडी पुन्हा रंगवून केलेली असतात. घरच्या खणातले खरे, बाजारातले पारखून.

शेवटी एक विनंती. आपल्याकडे लग्नात मुलीकडून नवरदेवाला घड्याळ द्यायची रीत पडली आहे. पूर्वी ते जनता किंवा कांचन असे, आणि तो माणूस ते बांधून वीस-वीस वर्षे कामावर जाई. आता ब्रँड सांगितला जातो, किंमत सांगितली जाते, आणि एखादा बाप त्यासाठी उसने काढतो. पाहुण्यांसमोर डबी एकदा उघडली जाते, आणि हप्ते वर्षभर चालतात. याला इसराफ नाही तर काय म्हणायचे? ज्या मुलाला घड्याळ हवे आहे त्याने अकराशेचे स्वतःच्या कमाईतून घ्यावे. फजरला, शिफ्टला आणि गाडीला वेळेवर पोहोचायला तेवढे पुरते.