उसने दिलेले पुस्तक

पुस्तक उसने द्यावे की देऊ नये, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. सौ.चे मत असे, की एक वेळ कुकर द्यावा, पण पुस्तक देऊ नये. मी मात्र देतो, आणि मग कपाटातल्या मोकळ्या जागेकडे पाहून हळहळत बसतो.

सध्याची मोकळी जागा 'स्मृतिचित्रे'ची. १९३४ पासून भागाभागाने निघालेले हे पुस्तक मी कितीदा वाचले असेल कोण जाणे! लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी स्वतःची फजितीसुद्धा इतक्या सरळपणे सांगितली आहे, की हसता हसता डोळे कधी भरतात ते कळत नाही. ते नानांकडे आहे.

नाना आणि मी दर रविवारी पर्वती चढायचो. पायऱ्या १०३. चढताना पुस्तकांच्या गप्पा, आणि वर कठड्याला टेकलो की राजकारण. पानिपतानंतर १७६१ साली नानासाहेब पेशवे तिथेच वारले. तेव्हा पराभवाची चर्चा करायला याहून योग्य जागा ती कोणती?

२०२२ साली एक पक्ष फुटला, २०२३ साली दुसरा. आम्ही फुटलो नाही. पण २३ नोव्हेंबर २०२४ला, शनिवारी, विधानसभेचे निकाल लागले आणि दुसऱ्या दिवशी वर मी नको ते बोलून गेलो. नानांच्या पक्षाविषयी बोललो असतो तर त्यांनी दोन शब्द जास्तच सुनावले असते. मी नानांविषयीच बोललो. ते काही न बोलता एकटेच खाली उतरले.

पुढे दहा महिने गेले. त्यांच्याकडे जावे, तर पुस्तक मागायला आलो असे वाटायचे!

शेवटी २०२५च्या दसऱ्याला आपट्याची पाने घेऊन गेलो. "नाना, त्या दिवशी मी..." एवढेच म्हणालो. नानांनी पाने घेतली आणि आतून पुस्तक आणले. त्याला नवे खाकी कव्हर घातलेले, मध्ये बसचे तिकीट खुणेला.

"१८९५ साली टिळक ख्रिस्ती होतात ना, तिथे थांबलोय. पुढे जाववेना. मग दोघे किती वर्षे वेगळी राहिली हो?"

"चार-पाच असतील."

"म्हणजे पुढच्या निवडणुकीपर्यंत!" नाना म्हणाले. "छे! आपल्या गुडघ्यांना तेवढी सवड नाही. रविवारी सहाला पायथ्याशी या."

पुस्तक मी तिथेच ठेवून आलो. सौ. अजून रागावलेली आहे.