रिकामी झालेली संध्याकाळ

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार आज पाण्याच्या ताळेबंदासाठी सर्वत्र ओळखले जाते. परंतु पाण्याबरोबरच या गावाने दारूचाही हिशेब मिटवला होता. 1990 च्या सुमारास पोपटराव पवार यांच्याकडे सरपंचपद आले, त्या वेळी गावात दारूचे 22 अड्डे होते असे सांगतात. गावाने ते बंद केले. मात्र तेवढ्यावर न थांबता दारू गाळणाऱ्यांना बँकेच्या कर्जातून दुसऱ्या उद्योगाची वाट मिळवून दिली. श्रमदानाने शिवारात पाणी अडले, हातांना काम मिळाले, गाव सोडून गेलेली कुटुंबे परतली. जे काढून घेतले, त्याच्या जागी काही दिले. म्हणून बंदी टिकली.

घरातील ज्येष्ठाच्या बाबतीत नेमके हेच विसरले जाते. पेढी मुलांच्या हाती जाते, जोडीदाराचा वियोग होतो आणि संध्याकाळ रिकामी होते. त्या पोकळीत पेला शिरतो. मद्याची गणना सप्तव्यसनांत करणाऱ्या घरात तो अधिकच लपवला जातो. कुणी लाजेने गप्प बसतो, तर कुणी ‘आता या वयात काय सुधारणार?’ म्हणून सोडून देतो.

वयाबरोबर शरीरातील पाण्याचा अंश घटतो. त्यामुळे पूर्वीचेच प्रमाण अधिक चढते. झोपेच्या, मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत मद्य घातक ठरू शकते. तोल जाणे, विसरणे हे वार्धक्याच्या खाती मांडले जाते आणि खरे कारण झाकलेलेच राहते. दुसरीकडे, रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडल्यास झटके येऊन जिवावर बेतू शकते. म्हणून बाटली फेकण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र कुटुंबालाही उपचारात सामील करून घेते. व्यसन हा आजार आहे, कुळाचा कलंक नव्हे, ही दृष्टी तेथे मिळते.

उपचारानंतर ज्येष्ठ घरी येतो, तेव्हा त्याची संध्याकाळ तशीच रिकामी असेल, तर पेला पुन्हा तिची वाट शोधील. दुकानात रोज तासभर त्याची जागा राखावी. जुन्या ग्राहकाशी, जुन्या उधारीविषयी त्याचे मत विचारावे. जेवणाच्या पंगतीत त्याची वाट पाहावी. अडवण्याइतकेच सामावून घेणेही घरच्यांचे कर्तव्य आहे.