एल्मच्या सावलीत

न्यूयॉर्कला पोरानं सेंट्रल पार्कातला ‘मॉल’ दाखवला. मला वाटलं, दुकानं असतील. बघतो तर सरळ रुंद वाट, दोन्ही अंगांना एल्मची झाडं, वर फांद्यांचा मांडव. बागेची आखणी १८५८ सालची. रोगानं ही जात अमेरिकाभर मेली. इथं रोगट फांदी दिसली की लगेच छाटतात, म्हणून टिकली.

बाकावर टेकलो. पोरगं म्हणालं, “आप्पा, बांधावरचा आंबा वादळात पडला नसता तर असाच डेरेदार असता, नाही?”

वादळ कसलं! त्याच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी मीच तो व्यापाऱ्याला उभा विकला होता. तिथंही बोललो नाही. नुसतं ‘हं’ म्हणालो.

गावी आल्यावर पहिल्या पावसात त्याच जागी कोय पुरली.